घोजाडांग्याच्या रांगेतला कांदा

5 ऑगस्ट 2024, पहिला श्रावणी सोमवार. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये तशीही मंदी. श्रावण लागला की अर्धी गिऱ्हाइकं कांद्याकडे बघत नाहीत. मी एका निर्यातदाराकडे कागदपत्रं सांभाळते. त्या दिवशी आमचे चार ट्रक पश्चिम बंगालच्या घोजाडांगा नाक्यावर रांगेत होते. पलीकडे भोमरा, म्हणजे बांगलादेश. सरकारने ठरवलेला टनाला 550 डॉलर किमान निर्यात भाव आणि वर 40 टक्के निर्यात शुल्क सोसून तिथवर पोचलेला पिंपळगावचा उन्हाळी कांदा!

दुपारी ड्रायव्हरचा फोन आला, "ताई, गेट बंद झालंय. तिकडं सरकार पडलं म्हणतात." टीव्ही लावला, तर पंतप्रधान शेख हसीना देश सोडून निघाल्या होत्या.

भोमऱ्याच्या एजंटशी मी सहा वर्षं बोलते आहे. जुलैत विद्यार्थ्यांच्या आंदोलनात तिकडे इंटरनेट बंद पडलं तेव्हाही फोनवर त्यांचा आवाज शांत असायचा. दुसऱ्या दिवशी महत्प्रयासाने फोन लागला. मी आधी गाड्यांचंच विचारलं. ते म्हणाले, "दीदी, थाने में कोई नहीं है." मला वाटलं, नाक्यावर पोलीस कमी आहेत. मी पुन्हा गाड्यांवर आले. ते पुन्हा तेच म्हणाले. तेव्हा कुठे समजलं. ठाणं रिकामं म्हणजे खरोखरच रिकामं. पोलीस जिवाच्या भीतीने पळालेले, आणि रात्री गल्लीतले बापे काठ्या घेऊन जागत होते.

2009 पासून एकच सत्ता, हसीनांची. इतकी वर्षं ठाण्यापासून बँकेपर्यंत माणसं तिच्या मर्जीने बसली, तर ती गेल्यावर खुर्च्या ओस पडणारच, असं मला वाटतं. 8 तारखेला मुहम्मद युनूस यांनी अंतरिम सरकारचे प्रमुख म्हणून शपथ घेतली. तोवर तीन दिवस सतरा कोटींच्या देशाला सरकारच नव्हतं. आंदोलनात जिवानिशी गेलेली माणसं तर वेगळीच. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात पुढे 1,400 पर्यंतचा आकडा आला.

त्याच आठवड्यात तिथल्या बँकांनी एका दिवसात 1 लाख टाकांपेक्षा (टाका हे तिथलं चलन) जास्त रोकड द्यायचं थांबवलं. हमालांना मजुरी कशातून द्यायची, हा एजंटांपुढे प्रश्न. इकडे ताडपत्रीखाली कांदा तापत होता, शेठ दर तासाला विचारत होते, आणि मला त्यांना उत्तर द्यायची लाज वाटत होती.

गेट उघडलं, गाड्या सुटल्या. रात्री एजंटांचा मेसेज आला: माल मिळाला, अकरा गोण्या सडल्या. आज पहाऱ्याची पाळी माझी आहे, हिशेब उद्या.