तुम्ही विचारलंत म्हणून: बर्लिन सोडून म्योडलारॉइट कशाला?

जर्मनीत फिरायला येणारे ओळखीचे लोक मला हटकून विचारतात, की पूर्व आणि पश्चिम जर्मनी तोडणारी भिंतच बघायची तर बर्लिनला बघू ना, तू आम्हाला त्या जेमतेम पन्नास माणसांच्या खेड्यात कशाला पाठवतोस? तर ऐका.

म्योडलारॉइट होफ शहराच्या उत्तरेला, बवेरिया आणि थुरिंगिया या जर्मनीतल्या दोन राज्यांच्या हद्दीवर आहे. हद्दीवर म्हणजे अक्षरशः, गावाच्या मधोमध टानबाख नावाचा ओढा वाहतो, अर्धं गाव अलीकडे बवेरियात नि अर्धं पलीकडे थुरिंगियात. ओढा तरी कसला, एक ढांग टाकली की पार. बर्लिनची वाटणी महायुद्धानंतरची, इथली हद्द मात्र पार १८१० ची. तेव्हा बवेरियाचं राज्य आणि रॉइस नावाचं एक छोटं संस्थान, यांनी ओढ्याकाठी दगड रोवले, त्यांवर एकीकडे के बी (बवेरियाचं राज्य) आणि दुसरीकडे एफ आर (रॉइस संस्थान) अशी जर्मन नावांची आद्याक्षरं कोरली, आणि खरं सांगू का, त्यानं कुणाचं काहीच अडलं नाही. शाळा आणि बियर प्यायची जागा थुरिंगियाकडे, चर्चला मात्र सगळे बवेरियातल्या ट्योपन गावाला जायचे. सरकारं दोन असली तरी गाव एकच.

मग युद्ध संपलं, पलीकडे रशियन आणि अलीकडे अमेरिकन आले, १९४९ ला दोन देश झाले, पलीकडे पूर्व जर्मनी, अलीकडे पश्चिम जर्मनी. नवी रेघ कुणी मारलीच नाही, सव्वाशेहून जास्त वर्षं कागदावर निवांत पडलेली होती तीच उचलली, आणि मला विचाराल तर बर्लिनपेक्षा हेच जास्त भयंकर वाटतं. १९५२ च्या मेमध्ये पूर्व जर्मनीनं हद्दीलगत ५ किलोमीटरचा बंदी पट्टा केला, अगदी कडेची १० मीटर जमीन नांगरून मोकळी ठेवली म्हणजे पावलांचे ठसे दिसावेत, भरवशाची न वाटणारी कुटुंबं घरातून उठवून दुसरीकडे हलवली. गावात आधी फळ्यांचं कुंपण आलं, १९६६ मध्ये काँक्रीटची भिंत, ७०० मीटर लांब आणि ३.३ मीटर उंच. समोरच्या घरातल्या माणसाला पश्चिमेकडून हात केला तर चालायचं, पण पूर्वेकडच्यानं उलट हात करायला बंदी! १९७३ मध्ये पूर्वेकडच्या एकानं गाडी भिंतीशी नेली, शिडी लावली आणि निसटला.

अमेरिकन सैनिक गावाला लिटल बर्लिन म्हणायचे. १९८३ मध्ये थोरले बुश, तेव्हाचे अमेरिकेचे उपाध्यक्ष, इथे आले आणि केनेडी बर्लिनमध्ये मी बर्लिनर आहे म्हणाले होते त्याच थाटात मी म्योडलारॉइटर आहे असं जर्मनमध्ये म्हणाले, आता राजकारणी म्हटल्यावर ते आलंच.

बर्लिनची भिंत उघडली ९ नोव्हेंबर १९८९ ला, इथे पायी जायला वाट मिळाली बरोबर महिन्यानं, ९ डिसेंबरला. १७ जून १९९० ला भिंतीवर बुलडोझर चालला. थोडा भाग मुद्दाम ठेवलाय, टेहळणीचा मनोरा आणि म्युझियमही आहे. आणि हो, गाव अजूनही एक झालेलं नाही! अर्धं ट्योपनच्या कारभारात, अर्धं थुरिंगियातल्या गेफेलच्या, पिनकोड वेगळे, फोनचे कोड वेगळे, गाड्यांच्या नंबरप्लेटाही वेगळ्या, नमस्कार म्हणून बवेरियाकडे ग्र्युस गॉट म्हणतात, थुरिंगियाकडे गुटन टाग. कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, १८१० सारखंच.

म्युनिकहून बर्लिनला ए-९ महामार्गानं जाताना वाट थोडीशीच वाकडी करावी लागते, फक्त स्वतःची गाडी असली तर बरं पडतं.