काचेवरच्या गोगलगायी मोजू नका

फिश टँकमध्ये गोगलगायी माजल्या असतील तर एक गोष्ट आधीच सांगते: रात्री टॉर्च घेऊन काचेवरच्या मोजत बसू नका. मी बसले. वहीत तारखेपुढे आकडे लिहिले: 43, 61, 58, 90. गोगलगायींनी छळलं नसेल तेवढं त्या वहीनं मला छळलं.

टँक 80 लिटरचा. त्यात बारा निऑन टेट्रा आणि पाच कोरीडोरास हे मासे, आणि थोडे चेरी श्रिंप, म्हणजे बारीक कोळंबी. गोगलगायी आल्या त्या अनुबियास या पाणझाडाच्या मुळांतून. “स्वच्छ धुतलंय, काही नाही त्यात,” असं सांगून दिलेलं झाड. मी आणखी एकदा नळाखाली धरलं आणि लावून मोकळी झाले. महिनाभरात पानांच्या खालच्या अंगाला डिंकाचा थेंब सुकावा तसे पारदर्शक ठिपके दिसायला लागले. आत सुईच्या टोकाएवढे दाणे. ती अंडी. पाणी कोमट असेल तर साधारण एक-दोन आठवड्यांत फुटतात.

ही अंडी ब्लॅडर आणि रॅम्सहॉर्न जातींची. त्यांचं फार अवघड नाही. नर-मादी एकाच अंगात असल्यामुळे एकटी गोगलगायसुद्धा वंश वाढवते हे खरं, पण त्या उघड्यावर असतात. दिसलं अंडं की नखानं खरवडायचं. रात्री दिवे बंद करताना काकडीची चकती स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी सोडायची (नुसती टाकली तर तरंगते), आणि सकाळी दिवे लावायच्या आधी लगडलेल्या गोगलगायींसकट अलगद उचलायची. दहा-बारा दिवसांत त्या आवाक्यात आल्या.

आणि मग एका रात्री पाणी प्यायला उठले, सहज टॉर्च मारला, तर सगळी रेती चालत होती.

ट्रम्पेट स्नेल. शंख निमुळता, स्क्रूसारखा पिळाचा. दिवसभर रेतीत गाडून घेतात आणि अंधारात वर येतात, म्हणून महिनोन् महिने पत्ता लागत नाही. गोगलगाय नि पोटात पाय हे प्राणिशास्त्रालाही मान्य आहे, त्या वर्गाचं नावच उदरपाद. पण या बाईंच्या पोटात पायाशिवाय पिल्लंही असतात. अंडी बाहेर घालायची भानगडच नाही, त्यामुळे खरवडायला काही मिळत नाही. नराचीही गरज नाही. एक मादी पुरते.

माझा स्वभाव असा की डोळ्यांना दिसलं की आजच निकाल लावायचा. रविवारी टँक मोडला. मासे बादलीत, रेती उकळत्या पाण्यात, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून. रात्री टँक आरशासारखा. तिसऱ्या दिवशी निऑन वरच्या थराला येऊन धापा टाकायला लागले. टेस्ट किटमध्ये अमोनिया 1 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक भाग. तो शून्यच हवा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजवर आणि रेतीत राहतात, आणि मी एकाच दिवशी नळाच्या क्लोरीननं आणि उकळत्या पाण्यानं त्यांचा निकाल लावला होता. पुढचे कित्येक दिवस रोज पाणी बदललं. दोन निऑन गेले. स्पंज धुवायचा असेल तर टँकमधूनच काढलेल्या पाण्यात पिळा, एवढं तरी माझ्यावरून शिका.

गोगलगायी? तीन आठवड्यांत परत. फिल्टरच्या मोटरमधून खरखर यायला लागली म्हणून ती उघडली, तर पंख्याच्या घरात दोन-दोन मिलिमीटरची पिल्लं. मोटर मी धुतलीच नव्हती.

औषधाची बाटलीही आणून झाली होती. ओतणारच होते, पण घटकांच्या यादीत कॉपर सल्फेट वाचलं आणि झाकण परत लावलं. तांबं गोगलगायींना मारतं, पण श्रिंपनाही. शिवाय ट्रम्पेटच्या शंखाला दार असतं, ते लावून ती रेतीत बसून राहते. आणि समजा शेकड्यांनी मेल्याच, तर रेतीखाली सडून परत तोच अमोनिया. बाटली अजून कपाटात आहे.

सगळीकडे एकच सल्ला मिळत होता: खाणं कमी करा. गोगलगायींची संख्या टँकमधल्या उरल्यासुरल्या अन्नावर ठरते. उचलून किती काढल्या याला फारसा अर्थ नाही, अन्न तेवढंच राहिलं तर उरलेल्यांची पिल्लं ती जागा भरतात. पटलं. मी दिवसातून दोनदा घालायचे ते एकदा केलं, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच. आणि वही उघडली.

पहिला आठवडा 43. दुसरा 61. तिसरा 58, तेव्हा जीव जरा भांड्यात पडला. चौथा 90.

मी हिशेब तपासत होते, पाणी तपासत होते, सायफननं रेतीतला गाळ ओढत होते. दाण्यांच्या डबीकडे बघायचं मात्र सुचलं नाही. सुचलं तेव्हा डबीला कागदी टेप लावून पेनानं रेघ मारली. चार दिवसांत दाणे रेघेच्या बोटभर खाली. मी घालत होते चिमूटभर.

“बाबा, तुम्ही माशांना काही घालता का?”

“अगं, मी कुठे! दुपारी जरा काचेजवळ गेलो की सगळे तोंड वर करून येतात. बघवत नाही. चार दाणे टाकतो, बस.”

मुलगा शाळेतून आल्यावर टाकत होता. आणि रात्री नवरा, कारण “दिवसभर कुणी बघत नाही त्यांच्याकडे.” चारही जण आपापल्या परीनं चारच दाणे. मासे काचेजवळ येतात ते सवयीनं. पोट भरलेलं असलं तरी येतात. हे सासऱ्यांना पटवणं हा एक वेगळाच लेख होईल.

भांडून उपयोग नव्हता, म्हणून त्यांचीच गोळ्यांची जुनी डबी घेतली, वारांचे सात कप्पे असलेली. प्रत्येक कप्प्यात त्या दिवसाचे दाणे. शनिवारचा कप्पा रिकामा, त्या दिवशी माशांना उपास. कुणीही घाला, पण कप्पा संपला की संपलं. मोठी दाण्यांची डबी माझ्या कपाटात, कुलपात.

आता आकडे उतरायला हवेत ना? पाचव्या आठवड्यात 112. सहाव्यात 134. शिवाय आता त्या भरदिवसा काचेवर चढत होत्या. येणारा-जाणारा पहिला प्रश्न हाच विचारायचा, “हे काय चिकटलंय?” मी दुसऱ्यांदा टँक मोडायला निघाले होते. बादली बाहेर काढली होती. अमोनिया आठवला म्हणून थांबले, शहाणपणानं नव्हे.

त्या दिवशी चिडूनच काचेला नाक लावून बसले. एक ट्रम्पेट अगदी डोळ्यांसमोरून वर चढत होती. दोन बारीक शिंगं, मध्ये सोंडेसारखं तोंड, काचेला लावायचं, काढायचं, पुढे सरकायचं. काच तर स्वच्छ होती, शेवाळाचा डागही नाही. ती काय खात होती? काहीच नाही. शोधत होती. रेतीत खाणं उरलं नाही म्हणून उजेडात वर आलेली. म्हणजे वाढल्या नव्हत्या. आधीही तितक्याच होत्या, फक्त पोटभर जेवून रेतीत झोपलेल्या असायच्या. मी दीड महिना मोजत होते ती संख्या नव्हतीच, ती भूक होती!

मग मोजायची रीत बदलली. सगळ्या मोजायच्या नाहीत, फक्त दाण्याएवढी पिल्लं किती ते बघायचं. काचेच्या खालच्या कडेला, रेती टेकते तिथे, ती आधी पांढऱ्या भुशासारखी पसरलेली असत. सातव्या आठवड्यात शोधावी लागली. मोठ्या तशाच होत्या, पण पाळणा हलायचा थांबला होता. त्या भुकेल्या असल्यामुळे काकडीवर आता ट्रम्पेटसुद्धा तुटून पडायला लागल्या, आधी ढुंकून बघत नव्हत्या. खाणं कमी करण्याआधी सापळा लावून फारसं काही हाती लागत नाही ते यामुळेच.

काढलेल्या गोगलगायी नाल्यात किंवा तळ्यात टाकू नका. जिथल्या नाहीत तिथल्या पाण्यातही या जगतात आणि पसरतात. मी पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवते आणि मग कचऱ्यात. फ्रीझरवरून घरात जे बोलणं झालं ते सोडून देऊ.

दरम्यान तीन असॅसिन स्नेल आणल्या होत्या. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांच्या, देखण्या, दुसऱ्या गोगलगायी खाणाऱ्या. पहिले दहा दिवस दिसल्याच नाहीत. एकदाच पाहिलं: रेतीतून फक्त श्वासनळी वर, मग एकदम एका ट्रम्पेटवर चढून सोंड आत घातली आणि अर्धा तास तशीच. सकाळी रिकामा शंख. कामाच्या आहेत, पण तीन जणींच्या भरवशावर शंभरांचा निकाल लागत नाही, आणि नर-मादी वेगळे असल्यामुळे त्या भराभर वाढतही नाहीत. हौसेनं पाळलेल्या गोगलगायी असतील तर अजिबात आणू नका, त्या आपलं-परकं बघत नाहीत. गोगलगायी खातो म्हणून क्लाउन लोच सुचवणारेही भेटतील. तो मासा मोठेपणी फूटभर होतो. 80 लिटरमध्ये ते पाप आहे.

झाडाचं राहिलंच. नवीन झाड आता एक भाग ब्लीच नि एकोणीस भाग पाणी यात दोन मिनिटं बुडवते, लगेच भरपूर पाण्यात खळबळते, मग क्लोरीन काढणाऱ्या औषधाच्या पाण्यात ठेवते. अनुबियाससारखी जाड पानं टिकतात, मॉस आणि व्हॅलिस्नेरिया जळतात. त्यांना वेगळ्या बरणीत तीन-चार आठवडे ठेवून रोज पानं उलटून बघायचं.

आज रात्री टॉर्च मारला तर पुढच्या काचेवर सात-आठ दिसतात. राहू देत, रेती खालीवर करतात, पडलेलं खातात. वही बंद झाली. वारांची डबी मात्र चालू आहे. गेल्या शनिवारी त्या रिकाम्या कप्प्यात चार दाणे सापडले. कुणी टाकले ते अजून कबूल झालेलं नाही.