तुम्ही विचारलंत म्हणून : तांब्याचं बूड

क्लास सुटला की मुलांना न्यायला आलेले आईवडील दारात थांबतात आणि हा प्रश्न येतोच. "बाई, परवा जहांगीर आर्ट गॅलरीत गेलो होतो. नुसते रंगांचे पट्टे, आणि किमती लाखांत. मग आमच्या मुलाकडून तांब्या-पेला कशाला घोटून घेताय?" काही जण उलट्या बाजूने विचारतात, "असलं चित्र तर आमची धाकटीही काढेल. त्याला कला म्हणायचं का?" दादरला मी पंचवीस वर्षं चित्रकला शिकवतेय. दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहिते.

आधी तांब्या. एलिमेंट्री या चित्रकलेच्या परीक्षेसाठी वस्तुचित्राची तयारी करणारं जवळजवळ प्रत्येक मूल सुरुवातीला एकच चूक करतं. तांब्याचं तोंड छान लंबगोल काढतं आणि बूड मात्र पट्टीने आखल्यासारखं सरळ. तांब्या सपाट स्टुलावर टेकलाय हे त्याला ठाऊक असतं ना! प्रत्यक्षात बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त दिसतो, कारण बूड नजरेच्या आणखी खाली असतं. पण हात ठाऊक असलेलं काढतो, दिसणारं काढत नाही. मी चित्राला हात लावत नाही. पेन्सिल आडवी धरून बुडाशी लावून बघ, एवढंच सांगते. बुडाची कड पेन्सिलीच्या खाली उतरलेली दिसते. मग शेडिंग. तांब्याच्या सावलीकडच्या कडेला एक उजळ पट्टा असतो, स्टुलावरच्या कपड्याचा परतून आलेला उजेड. मुलं तो पांढराच सोडतात. डोळे बारीक करून बघितलं की तो पट्टा सावलीतच मुरतो. कधी तीन-तीन रविवार जातात, आणि मग एक दिवस मी काही न बोलता मूल आपणहून खोडरबर उचलतं. मी शिकवते ते त्या क्षणासाठी.

हुबेहूब काढायच्या कौशल्याचं मोल मला यात वाटतं. तांब्या हलत नाही, खोटं बोलत नाही, तुमची चूक तुमच्यासमोर ठेवतो. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आठवा, हातात दिवा घेतलेली ती बाई. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, आणि कित्येकांना अजूनही ते रविवर्म्याचं वाटतं. हळदणकरांनी आपल्या मुलीला समोर उभं करून ते जलरंगात केलं. दिव्यावर धरलेल्या बोटांमधून उजेड आरपार येतो, आणि बोटांच्या कडा लालसर होतात. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद, एकदा रंग चढला की पांढरा परत मिळवणं फार कठीण. तिथे आधी बघावं लागतं आणि मग कुंचला टेकवावा लागतो.

अमूर्त चित्र, म्हणजे त्या रंगांच्या पट्ट्यांसारखं, काढताना समोर तांब्या नसतो, हाच काय तो फरक, आणि तो भयंकर मोठा आहे. काही वर्षांपूर्वी मी तीन बाय तीन फुटांचा एक कॅनव्हास आठ महिने घरात उभा ठेवला होता. राखाडी, हिरवट, मधे थोडा गेरू. काहीतरी खटकत होतं आणि काय ते सांगणारं कोणी नव्हतं. एका संध्याकाळी सवयीने डोळे बारीक केले आणि दिसलं : खालच्या कोपऱ्यातला हिरवा इतका गडद की तिथे कॅनव्हासला भोक पडल्यासारखं वाटत होतं. ते मला तांब्याने शिकवलेल्या डोळ्यांनी दिसलं.

चित्रकार वासुदेव गायतोंडे मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा घेऊन बाहेर पडले. हळदणकरही जे. जे.चेच. गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणू देत नसत, नॉन-ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही वस्तूचं नसलेलं, म्हणत. रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंग पसरायच्या बोथट सुरीने, थरावर थर द्यायचे, काही काढून घ्यायचे आणि बराच वेळ नुसतं बघत बसायचं. त्यांच्या कॅनव्हाससमोर पाच मिनिटं उभं राहून बघा. आतून उजेड येतो, आणि दिवा कुठेच नसतो.

पण "आधी हुबेहूब काढून दाखवा, मग अमूर्त करा" हा नाक्यावरचा टोल मला मान्य नाही. गायतोंड्यांना पोर्ट्रेट येत होतं म्हणून त्यांचा कॅनव्हास चांगला ठरत नाही, तो समोर आहे तसा चांगला आहे. माझ्याकडच्या एका मुलीचा तांब्या कायम कलता यायचा, पण दोन पिवळ्यांमधला फरक तिला माझ्याआधी कळायचा. तिला मी परीक्षेचा आग्रह केला नाही. दुसरीकडे, फोनवरच्या फोटोवर चौकटी आखून केसन् केस उतरवणारी मुलं येतात. चिकाटी खरी, पण बघायचं काम कॅमेऱ्याने आधीच केलेलं असतं. अशा मुलांना मी पुन्हा तांब्यासमोर बसवते, आणि आईवडील नाराज होतात.

आणि तुमच्या धाकटीचं चित्र खरंच सुंदर असेल, जपून ठेवा. फक्त ती कागदावरून उठते ती आईने हाक मारली म्हणून. चित्रकाराला स्वतःच ठरवावं लागतं की आता इथे थांबायचं, आणि हा कोपरा मात्र पुसायचा.

येत्या रविवारी तांब्याखाली लाल कपडा अंथरणार आहे. तो लाल तांब्याच्या पोटात कुठवर चढतो, ते मुलांना शोधायचंय. तुम्हीही दारात थांबू नका, आत येऊन बसा.