पार्कर घराण्याची वही: सातवी नोंद

मंडळी, या वेळी आधी कबुली. मागच्या नोंदीत दाखवलेलं घराण्याचं पत्रक मी अर्धं खोडलंय. जोनाथन हॅरिंग्टन नावाचा एकच माणूस धरून चाललो होतो, निघाले दोन. एक १९ एप्रिल १७७५ च्या पहाटे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्याच चकमकीत, बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टन गावच्या मैदानावर इंग्रज फौजेची गोळी लागून गेला, त्याचं घर मैदानाच्या काठाशीच. दुसरा गावच्या त्याच तुकडीतला पावा वाजवणारा सोळा वर्षांचा पोरगा, तो १८५४ पर्यंत जगला आणि तुकडीतला शेवटचा हयात माणूस ठरला. मी एकाच माणसाला पहाटे मारलं होतं आणि एकोणऐंशी वर्षांनी परत पुरलं होतं! आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या घरात वाढूनही ही चूक केली, म्हणजे कमालच.

दोष आयत्या वंशवृक्षांचाही आहे. कुणीतरी एकदा चुकीचं जोडतो आणि पुढचे पन्नास जण तेच उतरवून घेतात. आता नियम केलाय: नाव, बाप, बायको आणि जन्मसाल यांतल्या तीन गोष्टी जुळल्याशिवाय शाई नाही, पेन्सिलच.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. बॉस्टनजवळ राहायला आल्यापासून सुट्टीच्या दिवशी इथली जुनी दफनभूमी पालथी घालतो. आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लावून झाला, तेव्हा हात रिकामे राहवेनात म्हणून सराव म्हणून कॅप्टन जॉन पार्करचं, म्हणजे त्या पहाटेच्या लेक्सिंग्टनच्या तुकडीच्या म्होरक्याचं, घराणं घेतलं. प्रसिद्ध माणूस, त्यामुळे कागद भरपूर असतील हा अंदाज. कागद आहेत, पण एकमेकांशी भांडणारे.

पक्कं झालेलं असं. जॉनचा जन्म जुलै १७२९, लेक्सिंग्टनचाच. बाप जोसाया, आजोबाही जॉन, पुढे मुलगाही जॉन. धंदा शेतीचा, जोडीला चाकं आणि लाकडी अवजारं बनवायचं काम. १७५५ मध्ये लिडिया मूरशी लग्न, मुलं सात. (तारखा उतरवताना एक सांभाळा: १७५२ पर्यंत इथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. जानेवारी-फेब्रुवारीतले जन्म म्हणून दोन-दोन साली लिहिलेले सापडतात. शके आणि इसवी सन जुळवताना आपण पाडव्याचा हिशेब करतो, तसंच काहीसं.)

पार्करांच्या घरची गोष्ट सांगते की जॉन फ्रेंचांविरुद्धच्या लढाईत कॅनडातल्या क्वेबेकपर्यंत गेला होता. पण जॉन पार्कर हे नाव त्या काळी आपल्याकडच्या गणपतरावाइतकं स्वस्त. नुसत्या नावावर मी ती मोहीम त्याच्या खात्यात टाकणार नाही. पेन्सिल.

लष्करी बाजूला मात्र एक गैरसमज दूर झाला. लेक्सिंग्टनची तुकडी ‘मिनिटमेन’ नव्हतीच. मिनिटमेन म्हणजे मिलिशियातून (गावकऱ्यांच्याच लढाऊ दलातून) निवडलेले, जादा कवायत केलेले, हाक येताच निघणारे लोक. अशी वेगळी तुकडी लेक्सिंग्टनने उभी केलेली नव्हती. पार्करच्या हाताखाली होती ती गावची साधी मिलिशिया: शेतकरी, कारागीर, बापलेक, मेहुणे, चुलते. त्या पहाटे मैदानावर सुमारे ७७ जण होते. हजेरी म्हणण्यापेक्षा ती लग्नाची यादीच वाटते. मरण पावलेल्या आठांमध्ये जॉनचा चुलतभाऊ जोनास पार्कर, दोन हॅरिंग्टन, आणि रॉबर्ट मन्रो. मन्रोंचा मूळपुरुष १६५१ मध्ये इंग्लंडातल्या वूस्टरच्या लढाईत इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या हाती सापडलेला स्कॉटिश कैदी, मजुरीसाठी जहाजातून इकडे पाठवलेला. त्याचे वंशज सव्वाशे वर्षांनी इंग्रजी फौजेसमोर उभे. (१७७५ च्याच मार्चमध्ये राघोबादादा सुरतेला मुंबईकर इंग्रजांशी तह करत होते. कुठलंही साल घ्या, इंग्रज आहेतच.)

आता या सहा आठवड्यांतला सगळ्यात रसाळ भाग, साक्षी.

लढाईनंतर आठवड्याच्या आत, २५ एप्रिलला, लेक्सिंग्टनकरांच्या शपथेवर जबान्या झाल्या. पार्करची स्वतंत्र आहे, चौतीस जणांची एकत्र आहे. पार्कर सांगतो की फौज अचानक जवळ आली तेव्हा मी माणसांना पांगायला आणि गोळी न झाडायला सांगितलं, आमच्याकडून काही आगळीक नसताना त्यांनी आमचे आठ जण मारले. या जबान्या सेलमच्या जॉन डर्बीने जहाजातून लंडनला नेल्या आणि २८ मेच्या सुमारास, बॉस्टनमधला इंग्रज सेनापती जनरल गेज याचा सरकारी अहवाल पोचायच्या आधी, तिथे पोचवल्या. म्हणजे त्या लिहिल्याच होत्या लंडनसाठी. आम्ही निरपराध, हे सांगायचं होतं.

पन्नास वर्षांनी, १८२५ मध्ये, त्याच गावच्या उरलेल्या म्हाताऱ्यांच्या पुन्हा जबान्या झाल्या. तोवर शेजारच्या कॉन्कॉर्डशी वाद पेटला होता: इंग्रजांना पहिलं प्रत्युत्तर कुणी दिलं? मग या वेळच्या जबान्यांत भर कशावर? आम्हीही गोळ्या झाडल्या यावर! तेच मैदान, तीच पहाट. मी कुणालाच खोटं म्हणत नाही. पण पत्रकात साक्षीपुढे तिचं साल आणि ती कुणाला ऐकवायची होती, हे दोन्ही लिहायला लागलोय. हा रकाना तुम्हीही करून बघा.

मैदानावरच्या दगडात पार्करच्या तोंडचा करारी हुकूम कोरलाय: जागेवरून हलू नका, त्यांनी गोळी झाडल्याशिवाय झाडू नका, पण त्यांना युद्धच हवं असेल तर ते इथेच सुरू होऊ दे. त्याच्या स्वतःच्या जबानीत यातलं अवाक्षर नाही. हे वाक्य गाजवलं ते नातवाने, थिओडोर पार्करने. त्याचा जन्म १८१०, आजोबा जाऊन पस्तीस वर्षं झाल्यावरचा. कॅप्टनचा मुलगा जॉन आणि हॅना स्टर्न्स यांच्या अकरा मुलांतला हा शेंडेफळ, पुढे बॉस्टनमधला गाजलेला धर्मोपदेशक आणि गुलामगिरीचा कडवा विरोधक. आजोबांची बंदूक अभ्यासिकेत टांगून तो पळून आलेल्या गुलामांना आसरा द्यायचा. १८५० मध्ये त्याने विल्यम आणि एलन क्राफ्ट या पळून आलेल्या जोडप्याचं लग्न लावलं आणि नवऱ्याच्या हाती बायबलसोबत शस्त्रही दिलं. असा नातू आजोबांच्या तोंडी मिळमिळीत वाक्य कसं घालणार? ती बंदूक पुढे मॅसॅच्युसेट्स राज्याकडे गेली.

पण कॅप्टनच्याच तुकडीत प्रिन्स एस्टाब्रूक होता, बेंजामिन एस्टाब्रूकच्या घरचा गुलाम. त्या सकाळी तो जखमी झाला, पुढेही सैन्यात राहिला आणि युद्ध संपता संपता मोकळा झाला. त्याच्या आईबापाचे रकाने कोरे आहेत. गोऱ्या शेजाऱ्यांचे मात्र चार पिढ्या मागे जातात.

पेन्शनच्या फायली हा या छंदातला खजिना. १८३२ च्या कायद्याने म्हाताऱ्या शिपायांनी कोर्टात शपथेवर आपली चाकरी सांगितली, पुढे १८३६ च्या कायद्याने विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलची पानं फाडून जोडली. पण आमच्या जॉनचं असं काहीच नाही. १९ एप्रिलच्या दुपारी माघारी फिरणाऱ्या फौजेला त्याने शेजारच्या लिंकन गावाच्या हद्दीजवळ टेकाडावर गाठलं. मे-जूनमध्ये गावची माणसं घेऊन बॉस्टनजवळच्या केंब्रिजला गेला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला क्षयाने गेला, वय ४६. १८६० मध्ये फ्लॉरेन्सला थिओडोर गेला तोही क्षयानेच. घरातले मृत्यू वेगळ्या रंगाने भरतोय, हा आजार किती जणांवर येतो ते बघायला.

पत्रकातला फोटोचा चौकोन रिकामा ठेवलाय. १९०० मध्ये उभारलेल्या गावच्या पुतळ्याला लोक कॅप्टन पार्कर म्हणतात आणि तोच फोटो सगळीकडे चिकटवतात, पण पार्करचं हयातीतलं चित्र नाही. पुढच्या नोंदीत लिडिया. सात मुलं पदरात असताना विधवा झाली आणि नंतर तिने दुसरं लग्न केलं, त्यामुळे आडनाव बदललेल्या बाईचा माग कसा काढायचा ते तिच्यावरच दाखवतो.