घोरपडीसाठी पहाटे उठू नका : गौताळा अभयारण्याचा डिसेंबरमधला फेरा

आधी मुद्द्याचं. थंडीत घोरपड बघायची असेल तर सकाळी दहाच्या आत रानात शिरू नका. कन्नडला भेटलेल्या वाटाड्यानं "सायेब, सहालाच निघू, मागनं दिसत न्हाई" म्हणून आम्हाला पाचला उठवलं आणि अर्ध्या दिवसाचे बाराशे रुपये आधीच खिशात घातले. गेटची पावती वेगळी. घोरपडीच्या अंगात स्वतःची ऊब नसते. ऊन चढेपर्यंत ती ढोलीत नाहीतर बिळात पडून राहते. हे मला ठाऊक होतं, तरी गेलो. मूर्खपणा माझाही.

पठारावरून नाल्यात उतरायचा टप्पा मात्र अक्षरशः घाण आहे. "अर्धा तास" म्हणाला, दीड तास लागला. सुटा मुरूम, त्यावर वाळका पाला, आणि आधाराला हात टाकावा तर घाणेरीची काटेरी झुडपं. दोनदा बुडावर आपटलो, तळहात अजून सोललेत. बूट तुमच्याकडे असतीलच, काठीही घ्या. परतताना कळलं की नाल्याला वळसा घालून गस्तीचा कच्चा रस्ता आहे. त्यानंच जा. वाटाड्याला तो माहीत नव्हता असं मी मानत नाही.

पावणेअकराला धाकट्यानं बोट दाखवलं. धावड्याच्या पांढरट खोडावर, दोन पुरुष उंचीवर, पिवळट पट्ट्यांचं पिल्लू. आम्ही सरकलो की तेही नखं रोवत खोडाच्या पलीकडे सरकायचं. डोकं तेवढं बाहेर. दुर्बिणीतून नाकपुडीची तिरकी फट दिसली, नाकाच्या टोकापेक्षा डोळ्याच्या जवळ. दुभंगलेली जीभ आत-बाहेर चाललेली : हवेतले वासाचे कण जिभेवर घेऊन ती टाळूतल्या अवयवाला चाखवते.

"चंदन घोरपड! चावली की माणूस पाणी मागत न्हाई," वाटाड्या. थापा. आपल्या नेहमीच्या घोरपडीचंच हे पिल्लू. लहानपणी ती जास्त झाडावर राहतात, तिथंच किडे टिपतात. थोराड झाली की रंग मातकट होतो आणि बराचसा वेळ जमिनीवर जातो. शेपटीसकट पावणेदोन मीटरपर्यंत वाढते. चावली तर जखम होईल, ती धुऊन दवाखाना गाठा.

वारुळांवर बसू नका. आमचा एक गडी कॅमेरा घेऊन बसलाच. घोरपड वारूळ उकरून त्यात वीसेक अंडी घालते, आतली ऊब आणि ओल टिकून राहते म्हणून.

दुसऱ्या दिवशी पितळखोऱ्याची लेणी. छान आहेत, पायऱ्या आहेत.

घाटातल्या एका टपरीवर "हत्थाजोडीची मुळी" पंधराशेला दाखवली. हातही लावू नका. हत्थाजोडी म्हणून विकतात ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, आणि घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. विकणारा तर अडकतोच, घेणाराही. मी भाव विचारला तेवढ्यात त्यानं तीनशे कमी केले होते.