मालगुजाराच्या ओसरीवरची शिंगं

चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल गाव सोडून सिंदेवाहीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या. आत वळल्यावर एका गावात मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाच्या पाळीजवळ जुना वाडा आहे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायची जमीनदारी, गेली; ओसरीवर रानगव्याची शिंगं राहिली. मी गेलो होतो तलाव पाहायला, पण अडकलो शिंगांखाली.

वाड्यातले आबाजी तरुणपणी वडिलांमागे रानात हिंडलेले. म्हणाले, "रायफल कोनती, हे सारेच पुसतेत जी. गोळी कोनती, हे कोनी नाही पुसत."

वडिलांची रायफल थ्री सेव्हन्टी-फाइव्ह मॅग्नम. हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूक कंपनीनं १९१२ मध्ये आणलेलं हे काडतूस. त्याची वजनदार गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. पण गोळीच्या जाती दोन. सॉफ्ट नोजचं टोक उघड्या शिशाचं. अंगात शिरली की सात्यासारखी, म्हणजे अळंबीसारखी, फुलते आणि सगळा जोर तिथंच सोडते. सॉलिडला पुढून अखंड कडक कवच; ती न फुलता खोल जाते. वाघाचं कातडं पातळ, म्हणून त्याला सॉफ्ट नोज. सॉलिड मारली तर अरुंद भोक पाडून पार होते आणि वाघ तसाच दूर निघून जातो. मोठा गवा मात्र हजार किलोच्या घरात. त्याच्या खांद्यावर हलकी सॉफ्ट नोज आदळली तर मांसातच विखुरते, फुफ्फुसापर्यंत पोचतच नाही.

फुलणाऱ्या गोळ्या १८९९ च्या हेग जाहीरनाम्यानं युद्धात वर्ज्य ठरवल्या, त्या माणसाच्या यातना वाढवतात म्हणून. शिकारीत त्याच निवडायच्या, जनावर लवकर मरून यातनेतून सुटावं म्हणून. मला दोन्ही पटतं. लढाईत सैनिक जायबंदी झाला तरी काम भागतं; रानात जायबंदी जनावर निसटणं याहून वाईट काही नाही. जखमी गवा बांबूत दबा धरून माग काढणाऱ्यावर उलटतो. आणि माग काढायला पुढे कोण, तर हाक्याचे, म्हणजे आरडाओरडा करून जनावर हाकणारे, गडी; हातात नुसती कुऱ्हाड. शिकारकथांत हा भाग फार घाईनं उरकतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं थांबलं. आता धानात शिरणाऱ्या रानडुकरासाठीही वनविभागाची परवानगी लागते. परवानगी मिळाली तरी बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीतून बारीक छर्रा झाडायचा नाही, यावर आबाजी ठाम. "चरबीतच अडकते थो. डुक्कर मरत नाही, चिडते. मंग सकाळी बाई निंदाले गेली का तिच्यावरच येते."