हिंगणघाटच्या जिनात: कापूस रेच्यावर आता कसा चढतो

माझी आई लग्नाआधी जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, कामाला जायची. डोक्यावर टोपलं, त्यात कापूस, आणि दिवसभर रेच्यांच्या (सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या) रांगेत तो टाकत फिरायचं. ते काम आता यंत्र कसं करतं हे पाहायला जानेवारीत हिंगणघाटला जाऊन आलो.

नागपूरहून बुटीबोरी, जाम करत साडेनऊला पोहोचलो आणि दीड तास नुसता बसून राहिलो. रात्रीच्या दवानं कापसाच्या गंजीचा, म्हणजे ढिगाचा, वरचा थर ओलसर झाला होता. असा कापूस गोळे होऊन अडकतो, म्हणून ऊन लागल्यावरच काम सुरू झालं. तुम्ही अकराच्या आधी जाऊ नका.

मग गंजीवर मोठा पाइप आला आणि कापूस सर्रकन ओढला जाऊ लागला. वाटेत गोटे आणि हिरवी बोंडं वजनानं खाली पडतात, खिळे-तारा चुंबकाला चिकटतात. पुढं हवा वेगळी होते, काटेरी सिलिंडर कापूस झटकून पाती-कचरा पाडतात, आणि तो रेच्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या कन्व्हेयरवर येतो. प्रत्येक रेच्यावर एक हॉपर, म्हणजे कापूस साठवणारा डबा. तो भरला की कापूस पुढच्या हॉपरकडं सरकतो. शेवटी उरलेला परत फिरतो.

खरं पाहायचं ते हॉपरच्या खाली. तिथला फीडर चामड्याच्या रोलरच्या पूर्ण लांबीवर सारखा, पातळ थर सोडतो. जास्त पडला तर रेचा तुंबतो. कमी पडला तर चामडं उगाच घासतं आणि रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, कमी निघते. मी अर्धा तास तिथंच उभा होतो. आईच्या हातांना हाच अंदाज होता, हे मला तिथं कळलं.

मिस्त्रींनी मूठ उघडून दाखवली. निळ्या-पांढऱ्या प्लास्टिकचे धागे. "भाऊ, लोखंड चुंबक धरते, गोटा खाली पडते. हे कोनीच नाई धरत." हे धागे थेट दाबून बांधलेल्या रुईच्या १७० किलोच्या गाठीत जातात, तिथून सुतात. ते वेचायला आजही बायाच बसलेल्या होत्या. आमच्याकडं वेचणीला खताची रिकामी प्लास्टिकची पोती वापरतात. घरी आल्याबरोबर मी सुती चादरी काढून दिल्या. कापूस पिकवणाऱ्यांनी ही मूठ एकदा पाहावीच.

जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून परवानगी घ्या. ओढणी, मफलर, सैल बाह्या नकोत. पट्टे उघड्यावर फिरत असतात. तोंडाला रुमाल बांधा, तंतू घशात जातात. काडेपेटी, बिडी गेटवरच ठेवा. गोटा आत आपटून ठिणगी उडाली तरी अख्खी गंजी पेटते, तिथली माणसं या बाबतीत कुणाची गय करत नाहीत. प्रश्न जेवणाच्या सुट्टीत विचारा, यंत्र सुरू असताना काही ऐकू येत नाही. डिसेंबर-जानेवारीत आवक भरपूर असते. मार्चनंतर बरेच रेचे थांबलेले दिसतील. हिंगणघाट स्टेशन नागपूर–बल्लारशा मार्गावरच आहे, त्यामुळे गाडी नसली तरी अडत नाही.